बोएदोने परत मागितलेले मैदान

१५ नोव्हेंबर २०१२ रोजी ब्यूनोस आयर्स शहराच्या विधिमंडळाने एक कायदा एकमताने मंजूर केला. बोएदो भागात आव्हेनिदा ला प्लाता नावाचा रस्ता आहे. तिथली जमीन कारेफूर या फ्रेंच सुपरमार्केट कंपनीने एका फुटबॉल क्लबला विकावी, बोलणी फिसकटली तर शहराने ती संपादित करावी आणि मोबदल्याचा भार क्लबने उचलावा, असा त्या कायद्याचा गाभा होता. नाव होते 'ऐतिहासिक पुनर्स्थापना कायदा'. मतदान सुरू असताना विधिमंडळाबाहेर निळ्या-लाल पट्ट्यांचे शर्ट घातलेले हजारो लोक उभे होते. निकाल कळला तेव्हा त्यांतली म्हातारी माणसे रडली. त्या जमिनीवर एकेकाळी उभे असलेले क्लबचे मैदान त्यांनी पाहिले होते. रडणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जण मात्र मैदान गेल्यानंतर जन्मलेले होते.

क्लबचे नाव सान लोरेन्सो दे अल्माग्रो. बोका ज्युनियर्स, रिव्हर प्लेट, रेसिंग आणि इंडिपेन्डिएन्टे यांच्याबरोबर अर्जेंटिनाच्या 'पाच मोठ्यां'मध्ये त्याची गणना होते. या पाचांत चषकांच्या हिशेबात तो कधीच सर्वांत वर नव्हता. पण क्लब म्हणजे काय आणि तो कोणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न सान लोरेन्सोच्या इतिहासात जितक्या उघडपणे लढला गेला, तितका जगात फार थोड्या ठिकाणी लढला गेला असेल. आज फुटबॉल क्लब तेलसंपन्न राजघराण्यांच्या आणि गुंतवणूक निधींच्या हातात जात आहेत. अशा वेळी हा इतिहास तपशिलात पाहण्यासारखा आहे.

सुरुवात १९०८ ची. अल्माग्रो भागात मेहिको आणि त्रेइन्ता इ त्रेस या रस्त्यांच्या कोपऱ्यावर काही पोरे फुटबॉल खेळत. संघाचे नाव 'लोस फोर्सोसोस दे अल्माग्रो'. एक दिवस एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला, अशी आठवण क्लबमध्ये पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. जवळच्या चॅपेलमधले सालेसियन पंथाचे पाद्री लोरेन्सो मास्सा यांनी पोरांना चॅपेलच्या आवारात खेळायला जागा दिली. अट एकच, रविवारी प्रार्थनेला यायचे. १ एप्रिल १९०८ रोजी क्लब रीतसर स्थापन झाला. पोरांना पाद्रींचेच नाव द्यायचे होते, पण ते त्यांनी मानले नाही. शेवटी संत लोरेन्सो आणि १८१३ मध्ये स्वातंत्र्यसेनानी सान मार्तीन यांनी जिंकलेली सान लोरेन्सोची लढाई, या दोहोंच्या स्मरणार्थ 'सान लोरेन्सो' हे नाव टिकले. मास्सांच्या काळ्या झग्यावरून क्लबच्या चाहत्यांना 'कुएर्वोस' म्हणजे कावळे म्हणू लागले. ते नाव त्यांनी अभिमानाने मिरवले आणि आजही मिरवतात.

१९१६ मध्ये क्लबने बोएदोत आव्हेनिदा ला प्लातावर मैदान बांधले. लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्यांच्या पायऱ्या. गॅस साठवायच्या प्रचंड टाक्यांसारखे दिसते म्हणून लोक त्याला 'गासोमेत्रो' म्हणू लागले. रिव्हर प्लेटचे मोनुमेंताल १९३८ मध्ये उभे राहीपर्यंत देशात एवढे मोठे स्टेडियम दुसरे नव्हते. १९२९ ची दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा खेळवताना त्याचाही वापर झाला. फुटबॉल हा तिथल्या आयुष्याचा एक भाग होता, एवढेच. आवारात बास्केटबॉल चाले, कार्निव्हलच्या रात्री नाच होत, आणि बोएदोत राहणारे कुटुंब आठवड्यात कशा ना कशासाठी तिथे फिरकेच. १९२० च्या दशकात याच वस्तीच्या नावाने लेखकांचा एक गट ओळखला जाई. कामगारांचे, गरिबांचे जगणे लिहिणाऱ्यांचा हा 'बोएदो गट' होता. टँगोच्या इतिहासातही सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांचा चौक अजरामर झाला. मैदान या सगळ्याच्या मधोमध होते.

मैदानावर जे घडले तेही थोडेथोडके नव्हते. स्पेनमधल्या यादवी युद्धात बास्क खेळाडूंचा एक संघ देशाबाहेर पडला आणि युद्ध हरल्यावर परतू शकला नाही. त्यातले काही जण सान लोरेन्सोत आले. इसिद्रो लांगारा १९३९ मध्ये मेक्सिकोहून आला आणि पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटविरुद्ध त्याने चार गोल केले. १९४६ च्या विजेत्या संघातले फार्रो, पोन्तोनी आणि मार्तिनो हे त्रिकूट तर आजही आदराने आठवले जाते. त्या मोसमानंतरच्या दौऱ्यात सान लोरेन्सोने स्पेन आणि पोर्तुगाल या देशांच्या राष्ट्रीय संघांना हरवले, आणि युरोपात दक्षिण अमेरिकी फुटबॉलकडे पाहायची नजर बदलली. रेने पोन्तोनीचा खेळ बघत मोठा झालेला एक मुलगा जवळच्या फ्लोरेस भागात राहत होता. वडील याच क्लबसाठी बास्केटबॉल खेळलेले. त्या मुलाचे नाव होर्हे मारिओ बर्गोग्लिओ. पुढे जगाने त्याला पोप फ्रान्सिस म्हणून ओळखले. १९६८ चा 'लोस मातादोरेस' संघ एकही सामना न हरता मेत्रोपोलितानो स्पर्धा जिंकला, आणि १९७२ मध्ये सान लोरेन्सोने एकाच वर्षात देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. तसे आधी कोणत्याच क्लबला जमले नव्हते.

मग सात वर्षांत सगळे गेले.

१९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. ब्यूनोस आयर्सवर ब्रिगेडियर ओस्वाल्दो काच्चिआतोरे यांची नेमणूक महापौर म्हणून झाली. शहर 'आधुनिक' करायचे या ध्यासात त्यांनी झोपडवस्त्या उठवल्या आणि दाट लोकवस्तीतून उन्नत महामार्ग काढले. २५ दे मायो हा महामार्ग बोएदो परिसरातूनच गेला. गासोमेत्रोच्या जागेतून रस्ते काढायचे, तिथे घरे बांधायची, असे सांगण्यात आले. क्लब कर्जात बुडालेला होता, कारभार ढासळलेला होता, आणि वरून दबाव होता. २ डिसेंबर १९७९ रोजी बोका ज्युनियर्सविरुद्ध शेवटचा सामना झाला. गोलशून्य बरोबरी. सान लोरेन्सोच्या कोस्सियाची पेनल्टी बोकाचा गोलरक्षक गात्ती याने अडवली. हा इथला शेवटचा सामना आहे, असे प्रेक्षकांना कोणी सांगितले नव्हते. निरोप नाही, समारंभ नाही, लोक नेहमीसारखे घरी गेले. पुढे जमीन विकली गेली, स्टेडियम पाडले गेले. रस्ते निघाले नाहीत, घरे झाली नाहीत. मूळ किमतीच्या कित्येक पट किमतीला जमीन पुन्हा विकली गेली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे सुपरमार्केट उभे राहिले.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाहत्यांच्या आठवणीत हा सगळा लष्करशाहीचा अपराध आहे, आणि त्यात मोठे सत्य आहे. हुकूमशाहीत 'नाही' म्हणण्याची किंमत काय होती, हे त्या काळात बेपत्ता झालेल्या हजारोंच्या कुटुंबांना विचारावे. पण क्लबच्या सह्या क्लबच्याच पदाधिकाऱ्यांनी केल्या, आणि कर्जाचा डोंगर त्यांच्याआधीच्या कारभाऱ्यांनी उभा केला होता. सभासदांच्या मालकीचा क्लब आपोआप शहाणा होत नाही. या इतिहासाकडे पाहताना हे विसरले, तर पुढचे सगळे भाबडे वाटेल.

घर गेल्यावर संघही कोसळला. १५ ऑगस्ट १९८१ रोजी कबाय्यितो भागातल्या फेर्रोच्या मैदानावर अर्जेंटिनोस ज्युनियर्सविरुद्ध पहिल्या विभागात टिकायला बरोबरीसुद्धा पुरली असती. सान लोरेन्सोने एक पेनल्टी वाया घालवली, समोरच्यांनी आपली साधली, आणि पाच मोठ्यांपैकी पहिलाच क्लब दुसऱ्या विभागात ढकलला गेला.

यानंतर जे झाले त्यावर हा लेख बेतला आहे. १९८२ साली दुसऱ्या विभागात खेळणाऱ्या, स्वतःचे मैदान नसलेल्या या क्लबच्या सामन्यांना पहिल्या विभागातल्या बहुतेक क्लबांपेक्षा जास्त गर्दी झाली. भाड्याच्या मैदानांतून, मोठी स्टेडियम घेऊन सामने खेळवावे लागले, आणि ती भरली. लाकडी पायऱ्या नव्हत्या, पण त्या पायऱ्यांवर बसणारी माणसे होती. त्याच वर्षी क्लब पहिल्या विभागात परतला. दशकाच्या उत्तरार्धातला संघ 'लोस काम्बोजानोस' म्हणजे कंबोडियन या नावाने ओळखला जातो. पगार थकलेले, सराव कुठे करायचा ते ठाऊक नाही, आंघोळीला गरम पाणी नाही. निर्वासितांसारखे दिवस काढणारा संघ म्हणून ते नाव. त्या अवस्थेत हा संघ १९८७-८८ च्या लीगमध्ये दुसरा आला.

मैदान गेल्यापासून चौदा वर्षे क्लब भाडेकरू होता. डिसेंबर १९९३ मध्ये बाहो फ्लोरेस भागात नवे स्टेडियम उघडले. त्याला क्लबचे जुने अध्यक्ष पेद्रो बिदेगाइन यांचे नाव दिले, पण लोक त्याला 'नुएव्हो गासोमेत्रो' म्हणतात. दीड वर्षात, जून १९९५ मध्ये, रोसारिओ शहरात शेवटच्या दिवशी एस्तेबान गोन्सालेसच्या हेडरने क्लबला १९७४ नंतरचे पहिले लीग अजिंक्यपद मिळाले. घर होते, चषक होता. जुन्या जागेचा विषय इथे संपायला हवा होता. व्यवहारी माणसाचा सल्ला तोच असता.

तो संपला नाही, याचे कारण समजायला अर्जेंटिनातल्या क्लबांची घडण माहीत हवी. तिथले फुटबॉल क्लब कायद्याने ना-नफा नागरी संस्था असतात. वर्गणी भरणारे सभासद, म्हणजे 'सोसियो', हेच मालक. अध्यक्ष आणि कार्यकारिणी निवडणुकीने ठरते, पॅनेले उभी राहतात, प्रचार होतो, रात्री उशिरापर्यंत मतमोजणी चालते. कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना यातला अर्धा भाग लगेच ओळखीचा वाटेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालीम मंडळे किंवा शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा मैदानात पेठ उतरलेली असते. संघाची ओळख आणि गल्लीची ओळख वेगळी काढता येत नाही. अर्जेंटिनात हीच भावना व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च पायरीपर्यंत टिकली, आणि तिच्या मागे मताधिकाराचे बळ राहिले.

त्या बळाची पहिली मोठी परीक्षा २००० च्या अखेरीस झाली. आयएसएल नावाची स्विस क्रीडा-विपणन कंपनी (आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगशी तिचा संबंध नाही) क्लबच्या व्यवसायाची सूत्रे घेणार होती. तत्कालीन कार्यकारिणीला करार हवा होता. ३० नोव्हेंबर २००० रोजी हजारो चाहते जमले, पोलिसांशी झटापट झाली, आणि करारावरचा निर्णय थांबला. पुढच्याच वर्षी आयएसएलचे दिवाळे निघाले. त्या कंपनीच्या हाती क्लब दिला असता तर काय झाले असते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्याच २००१ मध्ये सान लोरेन्सोने लीग जिंकली.

याच काळात 'वुएल्ता आ बोएदो', म्हणजे बोएदोला परतण्याची मागणी मूळ धरू लागली. 'सुबकोमिसिओन देल इंचा' हा चाहत्यांचा गट, इतिहास गोळा करणारे आदोल्फो रेससारखे कार्यकर्ते, वस्तीतली दुकानदार मंडळी यांनी ती चालवली. लष्करशाहीतील इतर अन्यायांची दाद लोकशाही मागू देते, मग एका वस्तीकडून हिरावलेल्या जागेची का नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांनी चिकाटीने मांडला: कागदपत्रे, सह्या, सभा, आमदारांच्या भेटी. ८ मार्च २०१२ रोजी प्लासा दे मायोवर मोर्चा निघाला. बेपत्ता मुलांच्या आया पांढरे रुमाल बांधून १९७७ पासून ज्या चौकात फेऱ्या घालत आल्या, तोच हा चौक. क्लबच्या म्हणण्याप्रमाणे एक लाखाहून अधिक लोक आले होते. आणखी एक तपशील: त्या महिन्यांत संघ पुन्हा खालच्या विभागात जाण्याच्या उंबरठ्यावर होता. मोसमाच्या अखेरीस कोर्दोबाच्या इन्स्तितुतोविरुद्ध निर्णायक सामने खेळून तो कसाबसा वाचला. म्हणजे लोक विजयाच्या धुंदीत चौकात उतरले नव्हते. संघ बुडत असताना ते एका जागेसाठी उतरले होते.

कायदा झाल्यावर पैसे उभे करायचे होते. क्लबने एक न्यास काढला आणि चाहत्यांना जमिनीचे चौरस मीटर 'विकत' घ्यायला सांगितले. नफा नाही, लाभांश नाही. पैसे भरणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे, आणि जमीन क्लबची होई. आजोबांच्या नावाने, नातवाच्या नावाने, वारलेल्या भावाच्या नावाने लोकांनी मीटर घेतले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात अशा खरेदीला जागा सापडणे कठीण आहे. पण त्या पैशातून मोठ्या कंपनीशी व्यवहार झाला, ही वस्तुस्थिती आहे.

दरम्यान खेळातही दिवस पालटले. एदगार्दो बाउसा यांच्या मार्गदर्शनाखाली १३ ऑगस्ट २०१४ रोजी पॅराग्वेच्या नासिओनालला हरवून सान लोरेन्सोने कोपा लिबेर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकी क्लबांचा सर्वोच्च चषक पहिल्यांदा जिंकला. पहिला सामना १-१, दुसऱ्यात नेस्तोर ओर्तिगोसाची पेनल्टी. पाच मोठ्यांत हा चषक नसलेला तेवढाच एक क्लब राहिला होता, आणि त्यावरून झालेली टिंगल त्याने दशकानुदशके सोसली होती. विजेते चषक घेऊन व्हॅटिकनला गेले. पोप फ्रान्सिस हे क्लबचे ८८२३५ क्रमांकाचे सभासद होते. २१ एप्रिल २०२५ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी, अर्जेंटिनाच्या घड्याळात पहाटे २ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा चाहत्यांनी हे आकडे जुळवून पाहिले. बोएदोतल्या नियोजित स्टेडियमला त्यांचेच नाव देण्याचे क्लबने ठरवले आहे.

२०१९ मध्ये आव्हेनिदा ला प्लातावरच्या जमिनीचा ताबा क्लबला मिळाला. चाळीस वर्षे झाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सान लोरेन्सोने पंधरा महिला खेळाडूंशी व्यावसायिक करार केले. अर्जेंटिनात महिला फुटबॉलपटूंना असे करार देणारा हा पहिला क्लब. त्यांत माकारेना सांचेस होती. महिला खेळाडूंना व्यावसायिक मानावे म्हणून तिने आपल्या आधीच्या क्लबविरुद्ध आणि महासंघाविरुद्ध उघड लढा दिला होता. या दोन घटना एकाच वर्षात याव्यात हा निव्वळ योगायोग मानणे पटत नाही. ज्या संस्थेत मागणी करण्याची सवय मुरली आहे, तिथे नवी मागणी ऐकायलाही कान असतात.

आता दुसरी बाजू. बोएदोत स्टेडियम परत येण्याला तिथल्या काही रहिवाशांचाच विरोध आहे. गेल्या चाळीस वर्षांत वस्ती बदलली. सामन्याच्या दिवशीची गर्दी, बंद रस्ते आणि टोळीबाज चाहत्यांची हिंसा त्यांना नको आहे. ही भीती खोटी नाही. हिंसेमुळेच २०१३ मध्ये अर्जेंटिनात पाहुण्या संघाच्या चाहत्यांना स्टेडियमबाहेर ठेवण्याचा नियम आला. बाहो फ्लोरेसचाही प्रश्न आहे. क्लबला कठीण काळात जागा देणारी ती गरीब वस्ती. क्लब तिथून उठला तर तिथल्या पोरांचे काय, हे बोएदोच्या प्रेमात कोणी फारसे विचारत नाही. आणि कारभार? कर्जे पुन्हा वाढली, पगार पुन्हा थकले, आणि २०२५ मध्ये अध्यक्षांवर पैसे घेतल्याचे आरोप होऊन क्लब नव्या पेचात सापडला. १९७९ च्या आधीची लक्षणे ओळखीची वाटावीत इतकी जवळ आहेत.

यावर उपाय म्हणून क्लबांचे कंपन्यांत रूपांतर करा, असे सांगणारे आता सत्तेत आहेत. राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या व्यापक वटहुकमात क्रीडा क्लबांना भागभांडवली कंपनी होण्याचा मार्ग मोकळा करण्याची तरतूद होती. अर्जेंटिनाचा फुटबॉल महासंघ आणि बहुतेक क्लब विरोधात उभे राहिले. कंपनीच्या बाजूनेही उदाहरणे आहेत. शेजारच्या ब्राझीलने २०२१ मध्ये तसा कायदा केला. कर्जबाजारी बोताफोगो जॉन टेक्स्टर या अमेरिकी उद्योजकाने घेतला आणि २०२४ मध्ये तो क्लब लिबेर्तादोरेस व देशाची लीग दोन्ही जिंकला. चिलीचा कोलो-कोलो २००२ मध्ये दिवाळखोर झाला आणि २००५ पासून कंपनीकडे आहे. जिंकतो, पण सभासद आणि कंपनी यांच्यातला झगडा मिटत नाही.

चषक हेच मोजमाप असेल तर वाद अनिर्णित राहील. सान लोरेन्सोचा इतिहास वेगळे मोजमाप पुढे ठेवतो: चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याचा हक्क कोणाकडे उरतो? मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करायचे ठरवले, आणि संघ बंद झाला. कंपनीने बेकायदा काही केले नाही. तो तिचाच संघ होता. कूपरेजवर त्या संघासाठी ओरडलेल्या माणसांकडे मत नव्हते, सभा बोलावण्याचा अधिकार नव्हता, कोणाच्या दारात जाऊन उभे राहावे असे दारच नव्हते. बोएदोच्या माणसांचे मैदान, पैसा, विभागातले स्थान सगळे गेले, तरी सभासदत्वाचे कार्ड खिशात राहिले. त्या कार्डाच्या जोरावर त्यांनी अध्यक्ष बदलले, करार अडवला, विधिमंडळाला हलवले. त्याच कार्डाने त्यांनी वाईट अध्यक्षही निवडले, हे खरेच. पण वाईट अध्यक्षाची मुदत संपते.

बोएदोत अजून स्टेडियम उभे नाही. आराखडे आहेत, परवानग्यांची लांबलचक वाट आहे, आणि बांधकामाचा खर्च आजच्या ताळेबंदात बसत नाही. एखादा धनाढ्य गुंतवणूकदार उद्या म्हणेल की क्लब माझ्या नावावर करा, दोन वर्षांत मैदान बांधून देतो. ज्यांनी मैलोन्मैल चालून, चौरस मीटरचे पैसे भरून ती जमीन सोडवली, त्यांच्यासमोर तो प्रस्ताव मतदानाला येईल. मैदानाच्या ओढीपायी ते 'हो' म्हणतील अशी शक्यता खरी आहे, आणि आज क्लबमधल्या जुन्या कार्यकर्त्यांना कर्जापेक्षा त्याच मतदानाची काळजी जास्त वाटायला हवी.